गृहमंत्री महोदय, आईचं मंगळसूत्र गहाळ झालेलं नाही

मा. मुख्यमंत्री तथा गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

सा.न.वि.वि.

आपण कामात असाल, म्हणून थेट सांगतो. गेल्या मंगळवारी सकाळी साडेसहाला माझी आई दूध घेऊन परतत होती. मोटारसायकलवरच्या दोघांनी तिचं मंगळसूत्र ओढलं. आई ६८ वर्षांची. घरी आली तेव्हा एक वाटी आणि दहा-बारा काळे मणी मुठीत होते, आणि मूठ काही केल्या उघडेना. मानेवर दोरी आवळल्यासारखा लाल वळ.

पोलीस ठाण्यात आम्ही सव्वातीन तास बसलो. पहिला तास हद्दीत गेला. दुभाजकाच्या अलीकडे घडलं असेल तर ह्यांचं, पलीकडे असेल तर दुसऱ्या ठाण्याचं. आईला तीनदा विचारलं, "आजी, नक्की कुठल्या अंगाला होतात?" मी म्हटलं, साहेब, गुन्हा कुठेही घडो, नोंदवून घ्यायचा असं नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे ना? साहेब हसले. "वकील का तुम्ही?" वकील नाही, झेरॉक्सवाला आहे. १ जुलै २०२४ ला नवे कायदे लागू झाले तेव्हा ह्याच ठाण्याची माहितीपत्रकं माझ्या मशीनवर निघाली होती. बिल अजून यायचंय, पण तो विषय वेगळा. तसा फार वेगळाही नाही.

शेवटी कोरा कागद पुढे सरकवला. 'मंगळसूत्र गहाळ झाले' असं लिहा, दाखला लगेच देतो. गहाळ! गहाळ छत्री होते, साहेब. जुन्या दंड संहितेत ५११ कलमं होती, तुमच्या न्याय संहितेत ३५८, आणि त्यात हिसकावण्याला पहिल्यांदाच स्वतंत्र कलम मिळालं, ३०४. कलमाची सोय झाली, आईची नाही झाली. घरी येऊन मोबाईलवरून तक्रार पाठवली. तीन दिवसांत सही करायची असते, म्हणून दुसऱ्याच दिवशी गेलो. "ते आमच्याकडे अजून दिसत नाही."

आई आता दुधाला जात नाही. मी जातो, दुकान उशिरा उघडतो, तहसीलची गिऱ्हाईकं पलीकडच्या दुकानात जातात. बाबांनी फंडाच्या पैशांतून ते दोन तोळे केले होते. आजच्या भावाने हिशेब तुम्हीच करा, मला घाम फुटतो.

कायदे करायला मात्र आपल्याकडे कमी नाही. बायकांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा देणारं शक्ती विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये एकमताने मंजूर झालं, पण राष्ट्रपतींची संमती काही मिळाली नाही. ते सरकार तुमच्या विरोधकांचं होतं, हेही लिहितो, म्हणजे कुणी सुटायला नको. मग २०२५ च्या जुलैत कडव्या डाव्या संघटनांना आवरायचं म्हणून जनसुरक्षा विधेयक. १२ हजारांवर हरकती-सूचना आल्या म्हणे, तरी आवाजी मतदानाने पार. बेकायदेशीर कृत्याला सात वर्षांपर्यंत कैद, गुन्हा अजामीनपात्र. आईचा गळा ओरबाडणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत, तेही सापडला तर, त्याआधी गुन्हा नोंदला तर. ह्यातलं 'जन' म्हणजे नेमकं कोण? आमचे शेजारी म्हणाले, पत्रबित्र लिहू नकोस, उद्या तुलाच त्यात बसवतील. ते थट्टा करत होते. मी निम्माच हसलो.

देशात पाच कोटींच्या आसपास खटले तुंबलेत असं वाचतो. आमचा त्यात नाही, तेवढाच तुमच्या आकड्याला हातभार.

मागणं लहान आहे. गुन्हा नोंदवा, त्याची प्रत द्या (ती फुकट मिळते, तेही माझ्याच मशीनवर छापलं होतं), आणि चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जायच्या आत बघा.

आईने उरलेली वाटी काळ्या दोऱ्यात ओवून घातली आहे. पदर वरपर्यंत ओढून घेते.

पत्र मिळाल्याची पोच द्यावी. शिक्क्यासह.

आपला,
एक झेरॉक्सवाला