गॅस भरण्याआधी लीक तर शोधा!

संपादक महोदय,

जुन्या गाडीचा एसी गार करत नाही म्हटलं की मेकॅनिक लगेच गॅस भरून मोकळा, आणि दोन महिन्यांनी परत तेच रडगाणं. माझ्या गाडीत तीनदा असं झालं, शेवटी मीच बॉनेट उघडून टॉर्च घेऊन बसलो तर पाइपच्या एका जोडापाशी धूळ चिकटलेला तेलकट काळा डाग, कारण गॅससोबत कॉम्प्रेसरचं ऑइलपण बाहेर येतं ना! साबणाचं पाणी लावलं, हळूहळू बुडबुडे आले. आतली ओ-रिंग, म्हणजे जोड घट्ट बंद ठेवणारी रबरी कडी, पार कडक होऊन चिरलेली.

बारीक लीक साबणाने सापडत नाही, त्याला यूव्ही डाय (अतिनील प्रकाशात चमकणारा रंग) नाहीतर गॅस हुंगणारा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर लागतो, आणि तो जोडाच्या खालून फिरवायचा, गॅस हवेपेक्षा जड असतो. पाइपांतली हवा पंपाने खेचून काढल्यावर व्हॅक्यूम टिकला म्हणून खूश होऊ नका, चालू एसीत प्रेशर कितीतरी जास्त असतं, प्रेशरने नायट्रोजन भरून बघितलेलं बरं.

त्यात जुन्या गाड्यांत आर-१२ नावाचा गॅस असायचा, ओझोन खाणारा, ज्याच्यावर १९८७च्या मॉन्ट्रियल करारात बंधनं आली. तो असा हवेत सोडत राहायचा? मेकॅनिक मंडळींनी निदान पहिल्या खेपेला तरी लीक बघून द्यावा.

– एक वाचक