तुमची फाईल आणि शुक्राची कोर

सोलापूर, 8 जून 2026

प्रति,
माननीय मंत्रिमहोदय,

विषय : शाळेच्या दुर्बिणीबाबत आपण व्यासपीठावरून दिलेला शब्द

सप्रेम नमस्कार.

गेल्या मंगळवारी शाळेत पत्र आलं. "निधीअभावी प्रस्ताव निकाली काढण्यात येत आहे." जावक क्रमांक, सही, शिक्का, सगळं जागच्या जागी. कोणता प्रस्ताव ते आपल्याला आठवत नसेल म्हणून सांगतो. 28 फेब्रुवारी 2023, विज्ञान दिन, पूर्व भागातली आमची शाळा. सहा महिन्यांत या शाळेला दुर्बीण देतो, असं आपण माईकवरून म्हणालात. मुलांनी इतक्या टाळ्या वाजवल्या की आपल्याला बोलणं थांबवावं लागलं. या मुलांचे आईबाप यंत्रमागावर टॉवेल-चादरी विणतात, नाहीतर घरी विड्या वळतात. हजार विड्या कबूल केल्या की हजार मोजून द्याव्या लागतात, हे त्यांना लहानपणापासून माहीत आहे.

त्या दिवशी सातवीतल्या एका मुलीने आपल्यासमोर शुक्राची माहिती सांगितली होती. विषय तिनेच निवडला होता. मे महिन्यात आमच्याकडे पारा 43-44 ला टेकतो, पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. शुक्रावर सुमारे 465 अंश, शिसं वितळून जाईल इतकी उष्णता. हवेचा दाब आपल्या नव्वद पटींहून जास्त, ढग गंधकाम्लाचे. वर्गात तिने विचारलं, "सर, तिथं चादर वाळत घातली तर जळंल का?" मी म्हणालो, पेट घेणार नाही, कारण जळायला ऑक्सिजन लागतो आणि तिथे जवळजवळ सगळा कार्बन डायऑक्साइड. चादरीचा कोळसा होईल. दुसऱ्या दिवशी परत आली, मग सोव्हिएत यान कसं टिकलं? व्हेनेरा 4, 5 आणि 6 चालू स्थितीत जमिनीपर्यंत पोचलीच नाहीत. 1970 मध्ये व्हेनेरा 7 उतरलं. 1982 च्या मार्चमध्ये व्हेनेरा 13 ने तर 32 मिनिटांसाठी बांधलेलं असून 127 मिनिटं काम केलं, तिथल्या दगडांचे रंगीत फोटो पाठवले. ती 127 मिनिटं ऐकताना या मुलीचा चेहरा मी पाहिला आहे.

तिला फक्त शुक्राची कोर बघायची होती. शुक्राला चंद्रासारख्या कला असतात. गॅलिलिओने 1610 मध्ये त्या पाहिल्या, आजच्या साध्या दुर्बिणीहूनही अधू दुर्बिणीतून. नुसत्या डोळ्यांना ती कोर दिसत नाही. संध्याकाळच्या आकाशात तिचा योग साधारण 19 महिन्यांनी येतो. 2023 च्या जून-जुलैत आला, गेला. 2025 च्या सुरुवातीला आला, गेला. तोवर आपली फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जात होती. मुलगी यंदा दहावी झाली आणि शाळा सोडून गेली. आता तिला मी काय तोंड दाखवू?

आणि माझं सांगतो, कारण कोणी विचारलेलं नाही. त्या कार्यालयाचे जिने मी अकरा वेळा चढलो. गुडघे गेले आहेत, साखर आहे. मधेच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आठव्या दिवशी पट्टी काढून परत तिथेच जाऊन बसलो. 2024 ला निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता साहेब म्हणतील हा आता शाळेचा कोण? तसंच म्हणाले. बायको म्हणते, पेन्शनमधून घेऊन टाका. घेतलीही असती. पण मग आपल्या शब्दाचं काय, आणि बाकीच्या शाळांचं काय?

पैसे नाहीत हे मला सांगू नका. 18 सप्टेंबर 2024 ला केंद्र सरकारने शुक्र मोहिमेला 1236 कोटी मंजूर केले, त्यातले 824 कोटी यानावर. त्यातला एक रुपयाही कमी करा असं मी म्हणत नाही, उलट आधीच उशीर झाला म्हणून जीव जळतो. पूर्वी 2024 मध्ये उड्डाण होणार असं ऐकत होतो, आता मार्च 2028 म्हणतात. पण एक दुर्बीण पन्नास हजारांची धरली तर नुसत्या यानाच्या पैशात दीड लाखाहून जास्त शाळांना दुर्बिणी येतात. देश दोन्ही करू शकतो. करायचं कोणाच्या मनात नाही. प्रयोगशाळेला कुलूप, विज्ञानाच्या शिक्षकाला निवडणुकीचं काम, नळाला चार-पाच दिवसांआड पाणी, आणि पोरगं हुशार निघालं की पुण्याची गाडी. 23 ऑगस्ट 2023 ला चंद्रयान उतरलं तेव्हा हीच मुलं शाळेच्या टीव्हीसमोर उभी राहून ओरडत होती. पुढची यानं बांधणारी माणसं यांच्यातून यायची नाहीत, असं कोणी ठरवलं?

यंदा ऑगस्टच्या मध्याला शुक्र संध्याकाळी अर्धा दिसेल. सप्टेंबरभर बारीक होत जाईल, ऑक्टोबरच्या शेवटाकडे सूर्याच्या उजेडात बुडेल. पावसाने उघडीप दिली तर आमच्या गच्चीवरून पश्चिमेला स्वच्छ दिसतं. दुर्बीण ऑगस्टच्या 31 तारखेपर्यंत शाळेत पोचली पाहिजे. ती मुलगी त्या गल्लीतच राहते, मी तिला बोलावून आणीन.

आपला,
पूर्व भागातील एक निवृत्त विज्ञान शिक्षक