मंदारला, स्विफ्टच्या सस्पेन्शनबद्दल

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मंदार,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आधी महत्त्वाचं सांगतो: गाडी खाली बसवणाऱ्या त्या कडक स्प्रिंगांचे पैसे अजून कुणाला देऊ नकोस. कसारा घाटात वळणावर नाक बाहेर जातं, स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी गाडी सरळच निघते, असं तू लिहिलंस. दुखणं बरोबर ओळखलंस, पण त्यावर औषध चुकीचं घ्यायला निघालास.

आपल्या छोट्या गाड्यांचं इंजिन आणि गिअरबॉक्स पुढे, त्यामुळे साठ टक्क्यांच्या आसपास वजनही पुढच्याच टायरांवर. त्यांनीच गाडी ओढायची, त्यांनीच वळवायची आणि ब्रेकचा मोठा वाटाही त्यांनीच उचलायचा. मागचे टायर त्या मानाने निवांत असतात. शिवाय कंपनीच गाडी थोडी अंडरस्टीअरकडे, म्हणजे वळणात नाक बाहेर जाण्याकडे, झुकवून देते, आणि ते योग्यच आहे. घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो आणि नाक आपोआप आत येतं.

आता खरी गोम ऐक. वळणात आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर किती वजन सरकणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणातला वेग यांवरून ठरतं. स्प्रिंग कडक केल्याने ते थांबत नाही. त्यातलं पुढच्या जोडीने किती पेलायचं आणि मागच्या जोडीने किती, एवढंच आपल्या हातात असतं. टायरवरचा भार दुप्पट केला तरी पकड दुप्पट होत नाही, म्हणून ज्या जोडीतल्या दोन चाकांच्या भारात तफावत जास्त, तिची एकूण पकड कमी. तू पुढे कडक स्प्रिंगा घातल्यास की तफावत पुढेच वाढणार, म्हणजे आधीच दमलेल्या टायरांवर आणखी ओझं. वर आतलं पुढचं चाक हलकं होऊन वळणातून निघताना जागेवर फिरायला लागेल, आणि साध्या डिफरन्शियलमध्ये, म्हणजे दोन चाकांना ओढ वाटून देणाऱ्या गिअरांमध्ये, त्या हलक्या चाकाला पेलेल तेवढीच ओढ दुसऱ्यालाही मिळते.

म्हणून माझं ठाम मत आहे की मागची बाजू कडक करायची. स्विफ्टला मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही मागची चाकं जोडणारा आडवा दांडा, आहे. तो पिळला जाताना स्वतःच थोडा अँटी-रोल बारसारखा, म्हणजे वळणात गाडीला झुकू न देणाऱ्या दांड्यासारखा, वागतो. त्याला जोडीला एक वेगळा बार बसवला की तिरपं होणं रोखण्याचं काम मागे जास्त वाटलं जातं आणि पुढचे टायर मोकळे होतात. जुन्या गोल्फ जीटीआयचे रेसमधले फोटो पाहा, वळणात आतलं मागचं चाक हवेत असतं. ते चाक गाडी ओढत नाही, त्यामुळे फारसं बिघडत नाही. पुढच्या चाकांवर चालणारी छोटी गाडी चपळ होऊच शकत नाही, असं तुझ्या ऑफिसातले लोक म्हणतात ना? त्यांना सांग, १९६४, १९६५ आणि १९६७ ची माँटे कार्लो रॅली मिनीने जिंकली आहे, आणि तीही पुढच्या चाकांवर चालणारी छोटीच गाडी.

खाली बसवण्याचं मात्र मनातून काढून टाक. पुढे मॅकफर्सन स्ट्रट, म्हणजे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब, आहे. गाडी बरीच खाली आली की लोअर आर्मचं, म्हणजे चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचं, चाकाकडचं टोक वर उचललं जातं, आणि वळणात बाहेरच्या टायरला सरळ धरून ठेवणारा कॅम्बर (चाकाचा वरचा भाग आत झुकवणारा कल) मिळण्याऐवजी जायला लागतो. रोल सेंटर, म्हणजे ज्या बिंदूभोवती गाडी झुकते तो, तर गुरुत्वमध्यापेक्षाही जास्त खाली घसरतं, म्हणजे तिरपं करणारा तरफेचा हात लांबतो. खाली बसूनही गाडी झुकण्याचं प्रमाण वाटतं तेवढं कमी होत नाही. त्यातच स्ट्रटची हालचाल संपून तो बम्प स्टॉपवर, म्हणजे शेवटच्या रबरी ठोकळ्यावर, आदळला की पुढची बाजू एका क्षणात दगडासारखी कडक होते आणि नाक अचानक बाहेर सुटतं. द्वारका सर्कलपासून घोटीपर्यंतचे खड्डे तुला माहीत आहेतच.

बारच्याही आधी काही कामं आहेत. लोअर आर्मचे बुश, बॉलजॉइंट, लिंक रॉड आणि शॉकअप अंबडच्या एखाद्या चांगल्या गॅरेजमध्ये गाडी उचलून तपासून घे. बुश मेले असतील तर कुठलंच अलाइनमेंट टिकणार नाही. मग अलाइनमेंट, आणि त्याचा छापील कागद मागून घे. दोन्ही बाजूंचा कॅम्बर सारखा हवा. स्ट्रटला कॅम्बर बोल्ट घालून पुढे उणे एक अंशापर्यंत न्यायला हरकत नाही, त्यानेच तुझं निम्मं समाधान होईल असं मला वाटतं. टो, म्हणजे वरून बघता चाकांची तोंडं आत की बाहेर ते, शून्याच्या जवळ ठेव. पुढे जास्त टो-आउट (तोंडं बाहेर) दिलास तर वळायला गाडी तरतरीत वाटेल, पण हायवेवर सतत भटकेल आणि टायर आतून खाईल.

टायरमधल्या हवेचा प्रयोग फुकटातला आहे. दाराच्या खांबावरच्या स्टिकरवरचा आकडा धर आणि फक्त मागे दोन पीएसआय वाढवून बघ. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशाने काय झालं ते कळणार नाही. चाचणी मोकळ्या, बंदिस्त पटांगणावर एकाच गोलाईत हळूहळू वेग वाढवत घे. घाटात अजिबात नको.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. बार मऊसर, किंवा कमी-जास्त करता येणारा घे, आणि पावसाळ्यात त्याला सगळ्यात मऊ ठेव. इगतपुरीचा पाऊस तुला ठाऊक आहे. मागची बाजू फार कडक असेल तर ओल्या वळणात ॲक्सिलरेटर सुटला की मागचं टोक सरकतं, आणि ते सावरायला सवय लागते. ही गाडी वहिनीही चालवतात. म्हणून थोडंसं अंडरस्टीअर शिल्लक राहिलंच पाहिजे. चांगले टायर घ्यायला मात्र मागेपुढे पाहू नकोस. नवीन दोनच घेतलेस तर ते मागच्या चाकांना बसव, भले पुढचे आधी झिजत असले तरी.

अलाइनमेंटचा कागद आला की फोटो काढून पाठव. आकडे बघून कॅम्बर किती द्यायचा ते ठरवू, आणि बार बसवायच्या रविवारी मी येतोच.

तुझा,
अजित