गोड बोलण्याची सक्ती

प्रिय मित्रा,

पत्र मिळालं. ‘बिचाऱ्यानं सहज विचारलं, तू फाडकन बोललीस,’ असं लिहिलंयस. त्यानं काय विचारलं ते मात्र लिहायचं टाळलंस. चार लोकांदेखत, लिफ्टमध्ये, ‘तुम्हाला नवरा-बायकोसारखं राहता येतं का?’ तुझ्या हाताला जे लिहवलं नाही, त्याचं उत्तर मी हसतमुखानं द्यायचं?

लहान मुलं विचारतात, ‘तुमच्या खुर्चीला चाकं का?’ त्यांना मी हौसेनं सांगते, ब्रेकही लावून दाखवते. मोठ्यांच्या बाबतीत मी एकच बघते: हाच प्रश्न हा माणूस तुला विचारेल का? सत्तरच्या दशकात मार्टिन रॉक्लिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं समलिंगी लोकांना विचारले जाणारे प्रश्न उलटून भिन्नलिंगी लोकांपुढे ठेवले. तुमच्या या आवडीचं कारण काय असावं? वय वाढलं की जाईल का ती? वाचणाऱ्याला हसू येतं आणि मग जरा अवघडायला होतं.

लव्हर्न कॉक्स या अमेरिकी ट्रान्स (पारलिंगी) अभिनेत्रीचं उदाहरण तू देशीलच. २०१४ मध्ये टीव्हीवरच्या मुलाखतीत शरीराबद्दलचा प्रश्न तिनं शांतपणे बाजूला सारला आणि बोलणं ट्रान्स लोकांवरच्या हिंसेकडे वळवलं. मलाही ते फार आवडलं. पण प्रश्नाचं उत्तर तिनंही दिलं नाही, बरं का! आणि संयमानं माणसं वळतातच असंही नाही. मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून, त्यांच्या आंदोलनावर टीका करणाऱ्या आठ धर्मगुरूंना किती सभ्य भाषेत लिहिलं होतं. तरी १९६६ च्या गॅलप संस्थेच्या जनमत पाहणीत ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दलचं मत वाईटच होतं.

खरं सांगू? मी एरवी गोड बोलते ते स्वभावानं नाही. पायरी आली की खुर्ची उचलायला असाच कुणीतरी लागतो, दार धरायलाही. त्याला दुखवलं तर मी पायरीखालीच बसून राहणार. म्हणून आचरट प्रश्नालाही हसायचं, वर ‘थँक्यू’ म्हणायचं. जिथे उतार बांधलेला असतो तिथे माझा निम्मा गोडवा आपोआप ओसरतो, कधी लक्ष दे. त्या दिवशी लिफ्ट चालू होती, मला त्या माणसाची काही गरज नव्हती. म्हणून तर मनातलं बोलता आलं.

त्याचा राग पुढे दुसऱ्या कुणावर निघेल, ही तुझी भीती मला पटते. पण ती निस्तरायला मी एकटीच कशाला? पुढच्या वेळी शेजारी असलास तर ‘जाऊ दे गं’ म्हणू नकोस. ‘असं विचारतात का?’ एवढं तूच म्हण त्याला. तुझ्या तोंडून ते उद्धट वाटणार नाही.

तुझी मैत्रीण