मंत्रिमहोदय, सिग्नल पूर्ण आहे

मा. केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली, यांस
सविनय नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातला, जांबोटीच्या बाजूचा, घरोघरी डिश बसवणारा कारागीर आहे. आपल्या कागदांवर १ नोव्हेंबर २०१४ पासून जिल्ह्याचे नाव बेळगावी झाले आहे, परंतु पत्र माझे आहे, म्हणून मी बेळगाव लिहितो. २००७ सालापासून कणकुंबीच्या जंगलातल्या वाड्यांपासून खाली नंदगड, हलशीपर्यंतच्या कौलांवर आणि पत्र्यांवर चढून मी छत्र्या बसवत आलो. माझ्या वहीत आजवर १,१८४ घरांची नोंद आहे. माझे शिक्षण मराठी शाळेत आणि पुढे आयटीआयमध्ये झाले, त्यामुळे सरकारी पत्राची रीत कुठे चुकली असल्यास क्षमा असावी.

नागपंचमीच्या आदल्या संध्याकाळी साडेसात वाजता माझ्या ८३ वर्षांच्या आईच्या मालिकेच्या जागी निळा पडदा आला आणि त्यावर, ही वाहिनी आपल्या पॅकमध्ये नाही, अशा अर्थाच्या दोन ओळी उमटल्या, एक कन्नडमध्ये व एक इंग्रजीत. आईला दोन्ही वाचता येत नाहीत. ती म्हणाली, “पाऊस लागलाय काय रे वर, बघ की जरा.”

बाहेर पाऊस होताच. श्रावणात आमच्याकडे तो नसतो केव्हा? पण पावसाने गेलेले चित्र कसे जाते हे मला विचारा. आधी चेहऱ्यांचे चौकोन होतात, मग आवाज तुटतो, माणसे अर्ध्या शब्दावर गोठतात आणि शेवटी पडदा काळा पडतो, कारण छत्रीवर उतरणाऱ्या केयू बँडच्या लहरी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांबीच्या असतात आणि धो धो कोसळणारे पाणी त्यांना वाटेतच शोषून घेते व विखरून टाकते. इथे तसे काही नव्हते. मी बॉक्सच्या मेनूत जाऊन सिग्नलची पट्टी पाहिली, तर ती शेवटपर्यंत हिरवी होती. गेल्या अठरा-एकोणीस वर्षांत चित्र जाण्याची तीनच कारणे मी लोकांना सांगत आलो आहे: पाऊस, समोर वाढलेली फणसाची फांदी, आणि वर्षातून दोनदा, मार्च व ऑक्टोबरच्या सुमारास, सूर्य उपग्रहाच्या नेमका पाठीमागे येतो तेव्हाची काही मिनिटे. आता चौथे कारण सांगावे लागते आणि त्याला सिग्नल शोधायचा फाइंडर लावून उपयोग नाही.

चौकशीअंती समजले ते असे. कंपनीने, जिचे नाव मी मुद्दामच घेत नाही, एका रात्रीत पॅकची फेरमांडणी केली. ज्या ग्राहकांचा पिन कोड ५९१ ने सुरू होतो ते कर्नाटकचे, म्हणून त्यांना कर्नाटकचा पॅक, आणि मराठी वाहिन्या ‘इतर राज्यांच्या भाषा’ या नावाच्या वेगळ्या, जादा पैशांच्या गठ्ठ्यात. मंत्रिमहोदय, माझी आई ज्या घरात जन्मली त्याच गावात तिची माती होईल. तिची भाषा तिच्याच स्वयंपाकघरात ‘इतर राज्याची’ कधी झाली, याची तारीख मला कुणीतरी सांगावी.

महिना ६० रुपये जादा भरल्यास वाहिन्या मिळतात हे मी मान्य करतो. मी ते त्याच रात्री भरले. ‘७२ तासांत सुरू होईल’ असा संदेश आला. आज एकविसावा दिवस आहे. पैसे गेले, वाहिनी आलेली नाही. ग्राहक सेवेच्या फोनवर मराठीसाठी जो आकडा दाबायचा तो दाबला की कॉल कन्नड बोलणाऱ्या मुलीकडे जातो, कारण तिथेही माझा पत्ता आधी पोहोचलेला असतो. मुलगी बिचारी सभ्य आहे, मला कन्नड येते आणि आम्ही दोघे एकमेकांशी फार आदराने काहीही न ठरवता बोलतो. कुणी म्हणेल, दूरदर्शनची मोफत फ्री डिश लावून टाक. डोळे मिटून लावीन. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्वेला आहे, आमच्या अंगणातून आग्नेयेकडे सुमारे ६१ अंश वर. पण आईची मालिका तिथे नाही. दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणे कायद्यानेच सक्तीचे असल्यामुळे आमच्या बॉक्सवर सह्याद्री तेवढी उरली आहे, म्हातारीच्या तोंडातल्या शेवटच्या दाढेसारखी.

माझी धाकटी बहीण चंदगड तालुक्यात दिली आहे. सरळ रेषेत आमच्या दोन घरांमध्ये चाळीस किलोमीटरही नाहीत. तिच्याकडे तीच कंपनी, तीच छत्री (मीच बसवली), तोच उपग्रह. मात्र पिन कोड ४१६ ने सुरू होतो, म्हणून मराठी तिला मूळ पॅकमध्येच मिळते. आता आपण जरा वर जाऊन पाहू या. उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर आहे. तिथून खाली पाहिले तर माझ्या आणि बहिणीच्या घरातले अंतर अंशाच्या दहाव्या भागाहूनही कमी भरते. उपग्रह आपल्या नेमून दिलेल्या जागीही खिळा ठोकल्यासारखा उभा नसतो. चंद्र-सूर्याच्या ओढीने तो सरकतो, आणि साधारणपणे त्याला मधल्या बिंदूपासून दोन्ही बाजूंना अंशाच्या दहाव्या भागाइतकी मोकळीक दिलेली असते. त्या उंचीवर हे अंतर सुमारे ७४ किलोमीटर होते. म्हणजे, साहेब, माझ्या आणि बहिणीच्या घरामध्ये जेवढे अंतर आहे त्याच्याहून जास्त तो उपग्रह आपल्या जागच्या जागी डुलतो. ज्याला आमच्यातली सीमा दिसणेसुद्धा शक्य नाही, त्याच्या नावावर आम्हाला वेगळे केले जात आहे.

यात कन्नड भाषेशी किंवा कन्नड माणसांशी माझे भांडण आहे असा अर्थ कृपया काढू नये. माझी सून कन्नड शाळेत शिकलेली आहे, आणि ज्या उपग्रहांवर माझे पोट चालते ते बेंगळुरूला घडतात व त्यांचे लगाम हासनच्या नियंत्रण केंद्राच्या हातात असतात. ज्या उडुपी जिल्ह्याने देशाला उपग्रहशास्त्रज्ञ यू. आर. राव दिले तोही याच राज्यात आहे. १९७५-७६ मध्ये अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून देशातल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचवण्याचा जो प्रयोग झाला, त्यात निवडलेल्या सहा राज्यांपैकी कर्नाटक एक होते. खेड्यातल्या माणसाला त्याला समजेल त्या भाषेत कार्यक्रम द्यावा, ही त्या प्रयोगामागची साधी समजूत होती. पन्नास वर्षांत तंत्र पुढे गेले, समजूत मात्र तिथेच कुठेतरी राहून गेली.

आता हे उपग्रह नुसते देशाचे राहिलेले नाहीत, ते धंद्याचे झाले आहेत, आणि त्यालाही माझी हरकत नाही. २०१९ मध्ये न्यूस्पेस इंडिया लिमिटेड ही सरकारी मालकीची व्यापारी कंपनी निघाली, २०२२ मध्ये मंत्रिमंडळाने कक्षेतले दहा दळणवळण उपग्रह तिच्या नावावर करण्यास मंजुरी दिली, आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेलेल्या जीसॅट-२४ ला ‘मागणीवर आधारित’ पहिली मोहीम म्हटले गेले. मागणी कुणाची, तर ट्रान्सपाँडर, म्हणजे वाहिन्या झेलून खाली पाठवणारे उपग्रहावरचे यंत्र, भाड्याने घेणाऱ्या कंपनीची. त्या ट्रान्सपाँडरचे भाडे शेवटी ज्याच्या रिचार्जमधून निघते त्या माणसाच्या मागणीला या व्यवहारात कुठला रकाना आहे, हे मला सापडले नाही.

परदेशाचेच उदाहरण हवे असेल तर लक्झेंबर्ग घ्यावे. तिथल्या एसईएस या कंपनीने जुलै २०२५ मध्ये इंटेलसॅट ही कंपनी ३१० कोटी डॉलरना विकत घेतली आणि आता दोघींचे मिळून भूस्थिर कक्षेत नव्वदच्या आसपास उपग्रह आहेत. तो देश आमच्या बेळगाव जिल्ह्याच्या पाचव्या हिश्शाएवढासुद्धा नाही. २,५८६ चौरस किलोमीटर, आणि आमचा जिल्हा १३ हजारांवर. एवढ्याशा देशात तीन भाषांत सरकारी कारभार चालतो आणि तरीही त्यांचे उपग्रह अजून खाली पडलेले नाहीत.

जीसॅट-३० हा उपग्रह १७ जानेवारी २०२० च्या पहाटे सुटला. आपल्याला ती तारीख एका प्रक्षेपणाची वाटेल. आम्हा सीमाभागातल्या लोकांसाठी तो हुतात्मा दिन, १९५६ साली बेळगावात गोळीबारात पडलेल्यांचा. त्या दिवशी सकाळी मी हुतात्मा चौकात फुले वाहून उभा होतो आणि शेजारचा एक मुलगा मोबाइलवर त्या प्रक्षेपणाची बातमी दाखवत होता. खोटे कशाला सांगू, त्या गर्दीतही मला अभिमान वाटला. हा उपग्रह डिसेंबर २००५ मध्ये गेलेल्या इन्सॅट-४ए ची जागा घेण्यासाठी होता. सीमाप्रश्नाचा दावा सर्वोच्च न्यायालयात २००४ साली दाखल झाला. म्हणजे दाव्यानंतर एक अख्खा उपग्रह वर गेला, राबला, त्याचा वारसदारही येऊन कामाला लागला, आणि दाव्याच्या तारखा चालूच आहेत. आयुष्य संपलेल्या भूस्थिर उपग्रहाला साधारण तीनशे किलोमीटर आणखी वर ढकलून देतात, तिथे तो कुणाच्या वाटेत न येता फिरत राहतो. आमच्या अर्जांसाठीही दिल्लीत अशी एखादी कक्षा असावी, असा माझा अनेक वर्षांचा संशय आहे.

अर्जांचेच सांगतो. मी पहिला अर्ज एका कार्यालयाला पाठवला. त्यांनी कळवले की दराचा विषय नियामकाचा. दुसऱ्या कार्यालयाने कळवले की दर आता मोकळे आहेत, कंपनीशी बोलावे. हे खरेच आहे. २०१९ च्या व्यवस्थेत मूळ शुल्काला १३० रुपयांची मर्यादा होती, ती २०२४ मध्ये काढून टाकली गेली. कंपनीने कळवले की पॅक ‘प्रादेशिक आवडीनुसार’ बनवलेले आहेत. माझ्या आईची आवड कुणी विचारली? कंपनीच्या मोठ्या छत्रीवरून निघालेला शब्द वर जाऊन खाली यायला बहात्तर हजार किलोमीटरचा प्रवास पाव सेकंदात करतो, आणि माझा एक कागद दिल्लीतल्या एका मजल्यावरून दुसऱ्या मजल्यावर जायला दिवसच्या दिवस घेतो. परवाना तर आपलेच खाते देते, वीस वर्षांसाठी देते आणि कंपनीच्या उत्पन्नावर आठ टक्के शुल्कही घेते. खानापूर तालुक्यात वीस हजार छत्र्या धरल्या, प्रत्येकीमागे वर्षाचे ७२० रुपये धरले, तर हे एक कोटी ४४ लाख रुपये निव्वळ मराठी असण्याचे होतात. छत्र्या मी मोजलेल्या नाहीत, धरल्या आहेत. आकडा चुकीचा असेल तर आपल्या खात्याने मोजणीला माणूस पाठवावा, शिडी मी देईन.

पुढची भीती याहून मोठी आहे. आज टीव्हीचा किरण निदान साऱ्या देशावर एकसारखा पडतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये गेलेल्या जीसॅट-एन२ मध्ये ३२ किरण आहेत, ८ ईशान्येकडच्या राज्यांसाठी आणि २४ उरलेल्या भारतासाठी. तो इंटरनेटसाठी आहे आणि डोंगराळ भागाला त्याचा फायदाच होईल, हे मला कळते. पण जमिनीचे तुकडे पाडून किरण वाटता येतात, एवढे त्यावरून सिद्ध झाले. आज पिन कोडने जे होते ते उद्या किरणाने झाले, तर फणसाची फांदी तोडूनही मी चित्र आणू शकणार नाही.

माझे मागणे मोठे नाही. सीमाभागातल्या ग्राहकाला मूळ पॅकची भाषा पिन कोडवरून न लावता त्याला विचारून लावावी, पडद्यावरचा संदेश त्याच भाषेत यावा, आणि ज्यांचे पैसे घेऊन वाहिनी दिली नाही त्यांना ते परत मिळावेत. ६० रुपयांसाठी मी हे लिहीत नाही. त्या १,१८४ घरांत छत्री बसवताना मी दारात उभा राहून सांगितले होते की केबलचा भरवसा नाही, ही लावा, घरात मराठी येईल आणि कुणाला ती बंद करता येणार नाही. कंपनीने तसे कुठेच लिहून दिले नव्हते. शब्द माझा होता. आता बाजारात मी दिसलो की लोक थांबवतात आणि विचारतात, आणि परवा एका घरी तर चहाही न देता विचारले.

आईला मी अजून खरे सांगितलेले नाही. रोज साडेसातला ती टीव्हीसमोर बसते, निळा पडदा पाहते आणि पावसाला दोन शिव्या देऊन उठते. घटस्थापनेपर्यंत पाऊस ओसरेल. तोवर आपले उत्तर यावे, एवढीच विनंती.

आपला,
एक डिश बसवणारा,
ता. खानापूर, जि. बेळगाव