समासातलं ‘हरला’

प्रिय सुध्या,

आठ महिने पत्र नाही, कारणं सांगत बसत नाही. तब्येत ठीक आहे. थेट मुद्द्यावर येतो. काल रात्री चिमीला ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ वाचून दाखवणं संपलं, आणि ती तुझ्यावर भडकली आहे.

तिसरा खंड तुझाच. हो, माझ्याकडेच आहे आणि परत मिळणार नाही. दुसऱ्याच्या शेवटी नायक फ्रोडो जिवंत, पण शत्रूच्या तावडीत. मी नुसता तडफडत होतो, आणि तू पुढचा खंड पंधरा दिवस गादीखाली दाबून ठेवलास! वर ऐकवलंस, की पहिले वाचक नोव्हेंबर १९५४ ते ऑक्टोबर १९५५ वाट बघत बसले, तुला पंधरा दिवस जड जातात होय?

तर त्या ज्वालामुखीच्या पानावर, ऐन कड्यावर उभा राहून फ्रोडो, जी नष्ट करायला इतक्या लांब आला तीच अंगठी टाकायला नकार देतो तिथे, समासात तुझी पेन्सिल: ‘हरला’. खाली दोन रेघा. चिमीने विचारलं, हे कुणी लिहिलं? आणि मग, खरंच हरला का?

यावरून आपण चार दिवस अबोला धरला होता, आठवतंय? तेव्हाचंच सगळं तिला सांगितलं. लेखक टॉल्किनने स्वतः पत्रांत लिहिलंय, की त्या क्षणीचा दाब कुणालाच पेलला नसता. अंगठीसाठी वेडा झालेल्या गॉलमला फ्रोडोने आधी जिवंत सोडलं, आणि शेवटी ती हिसकावून तोच तिच्यासकट आगीत पडला, म्हणून अंगठी नष्ट झाली. तिने नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, “मग घरी आल्यावर त्याला बरं का वाटत नाही?”

सुध्या, तेव्हापासून डोक्यात तेच आहे. ही शेवटची प्रकरणं आपण विशीत भराभर उलटली होती, लढाई संपली म्हणून. काल ती मोठ्याने वाचताना आवाज लागेना. सहा ऑक्टोबर उजाडला की त्याच्या खांद्याची जुनी जखम ठणकते. तो कुणाला सांगत नाही, त्याचा सोबती सॅम, त्याच्या ते लक्षात येतं. गावात झाडं पुन्हा लागलीत, सॅमला मुलगी झालीये, आणि ज्याने हे सगळं वाचवलं त्यालाच तिथे राहवत नाही. १९१६ साली, पहिल्या महायुद्धात, सोमच्या लढाईतून आजारी होऊन परतलेल्या माणसाने हे लिहिलंय. १९१८पर्यंत त्याचे जिवलग मित्र, एक सोडून सगळे गेले होते. जादूगार आणि तलवारी पुढे कितीतरी पुस्तकांत आल्या. पण मला वाटतं, लोक इतकी वर्षं या एका पुस्तकाकडे परत येतात ते फ्रोडो गाव सोडतो, त्याचं जहाज सुटतं, त्या पानासाठी.

चिमीला मात्र मी एवढंच म्हणालो, की काही जखमा भरत नाहीत. तिला ते पटलं नाही. मलाही पुरेसं वाटलं नाही.

तुझ्या बदलीचं काय झालं? काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं ना? कळव.

चिमी रबर घेऊन आली होती. मी पुसू दिलं नाही. मग तिने ‘हरला’पुढे पेनाने प्रश्नचिन्ह काढलं. उत्तर तू तिलाच लिही.

तुझा,
बाळ्या