भाव रचनेतच लिहिलेला आहे

रविवारच्या अंकातील पियानो मैफलीचे परीक्षण वाचले. फ्रेंच संगीतकार देब्यूसी यांची ‘क्लेर द ल्यून’ (चांदणे) ही पियानो-रचना वादकाने ‘नको तितकी भावुक’ केली आणि श्रोते ‘उगाच हेलावले’, हा आक्षेप पटला नाही.

या संगीतावर ‘इम्प्रेशनिस्ट’ (ठळक रेषांऐवजी धूसर छटांतून वातावरण सुचवणारे) असा शिक्का बसला, की ते धूसर आणि अलिप्तच वाजले पाहिजे, असे आपण गृहीत धरतो. खुद्द देब्यूसी यांना हा शिक्का मान्य नव्हता. १९०८ साली प्रकाशकाला लिहिलेल्या पत्रात तो वापरणाऱ्यांना त्यांनी सरळ मूर्खांत काढले आहे. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘क्लेर द ल्यून’च्या आरंभीच ‘संथ, अतिशय भावपूर्ण’ अशी सूचना आहे आणि पुढे लय सैल सोडण्याचीही मुभा आहे. त्यांनी स्वतः वाजवलेल्या ‘बुडालेले कॅथीड्रल’ या त्यांच्याच दुसऱ्या रचनेच्या पियानो रोलमध्ये (वादन छिद्रांच्या रूपात नोंदवणाऱ्या कागदी गुंडाळीत) तर काही भागांत लय छापील स्वरलिपीच्या जवळपास दुप्पट होते! मग लयीशी मोकळेपणाने वागल्याचा दोष या वादकाला एकट्याला का?

मधल्या भागात आवाज जरा जास्त चढला, हे मान्य. रचना बहुतांश अगदी हळू आवाजात वाजवायची आहे. पण शेवटचा स्वर विरेपर्यंत सभागृहात कोणी टाळी वाजवली नाही, माझ्या शेजारच्या आजोबांनी तर चष्मा काढून डोळे पुसले. ही दाद परीक्षणात ‘उगाच’ या एका शब्दात उडवून लावली, ते खटकले.

– एक श्रोता, ठाणे